खरखरीपलीकडचा हात

यशश्री ठवरे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत विजेच्या मीटरात बसणारं सर्किट बनवायची. ती मूळची नागपूरची. बंगळुरात स्थिरावली होती, म्हणजे भाड्याचा फ्लॅट, ऑफिसची बस आणि भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं कन्नड एवढं जमलं होतं. तिच्या सर्किटचं काम सांगायला सोपं होतं. मीटरचा आकडा विजेच्याच तारेवरून पुढे पाठवायचा. वेगळी केबल नको, सिमकार्ड नको. एका घरचा मीटर शेजारच्या मीटरला सांगतो, तो पुढच्याला, असं करत आकडे कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमा होतात. जयनगरातल्या काही गल्ल्यांत असे मीटर चाचणीसाठी बसवले होते आणि आकडे बिनचूक येत होते. यशश्रीला त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

तक्रार आली ती वीज पुरवणाऱ्यांच्या ऑफिसातून फिरत फिरत. श्यामला हेर्लेकर नावाच्या कुणी बाई होत्या. नवे मीटर बसल्यापासून आपला रेडिओ बहिरा झाला आहे, यातलं कळणारं कुणी तरी पाठवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन केले होते.

यशश्रीचा वरिष्ठ शिवकुमार मैसूरचा. तिच्याशी तो हिंदीत बोलायचा.

"आपण नियमात आहोत ना?" त्याने विचारलं.

"लॅबमध्ये आहोत. चांगलेच आत आहोत."

"मग तसं सांगून ये. मराठी बाई दिसतात. तुझं ऐकतील."

यशश्री सकाळीच जयनगरला गेली. घर जुनं, बसकं, पुढे सोनचाफा. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, काठीसारख्या ताठ बाईंनी. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"कंपनीची का तू? मराठी? बरं झालं. ये, बूट राहू देत, ये."

श्यामलाबाईंच्या घराण्यात बंगळूर मुरलं होतं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की जोड दिसू नये. त्यांनी यशश्रीला मागच्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर एक जडशीळ रेडिओ, हेडफोन आणि मोर्सचे ठोके पाठवायची पितळी की होती. खिडकीतून एक तार बाहेर पडून गच्चीकडे गेली होती.

"ऐक," म्हणून त्यांनी रेडिओ लावला आणि बटण अगदी हळू फिरवलं.

खर्रर्र. जरा थांबून पुन्हा खर्रर्र. दगडावरून पत्रा ओढावा तसा आवाज. तो मध्येच तुटायचा, मग दुप्पट जोराने यायचा. यशश्री ऐकत उभी राहिली. आवाजाची चाल तिच्या ओळखीची होती. एक मीटर बोलतो, थांबतो, दुसरा त्याला उत्तर देतो. ही देवाणघेवाण तिने कितीदा तरी स्क्रीनवर पाहिली होती, रंगीत रेघांच्या रूपात, आणि ती तिला सुंदरही वाटली होती. ती कानांनी मात्र आज पहिल्यांदा ऐकत होती.

"काय आहे हे, कळतं तुला?"

नियमांचं वाक्य यशश्री बसमध्ये घोकून आली होती. ते तिच्या तोंडून निघालं नाही.

"हो," ती म्हणाली. "हे आमचं आहे."

श्यामलाबाईंनी रेडिओ बंद केला. इतक्या सरळ उत्तराची त्यांना अपेक्षा नसावी. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. "बस. कॉफी करते."

कॉफी पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. त्या तारखात्यात होत्या. बंगळूरच्या तारघरात बेळगावची लाइन त्यांच्याकडे असायची, आणि पलीकडच्या टोकाला भगवंतराव नावाचे तारमास्तर. दिवसभर कडकट्ट चालायचं. जन्माच्या तारा, मरणाच्या तारा, लग्नाच्या, नोकरीच्या. मध्ये फट मिळाली की दोघं आपलं दोन शब्द बोलून घ्यायचे. पाऊस आहे का, जेवण झालं का.

"समोर कोण बसलंय ते नाव न सांगता कळतं गं," त्या म्हणाल्या. "ज्याचा त्याचा हात वेगळा. भगवंतरावांचा लांब ठोका जरा जास्तच लांबतो. तोंडात पान धरून बोलल्यासारखा."

"तुम्ही भेटला होता त्यांना?"

"आमच्या लग्नाला आले होते. जेवले आणि गेले. तोंडाने फारसं बोलता यायचं नाही त्यांना, लाजायचे."

पुढे तारखातंच संपलं. भगवंतराव निवृत्त होऊन खानापूरकडच्या जंगलातल्या आपल्या गावी गेले. तिथून त्यांनी हौशी रेडिओचं, म्हणजे घरबसल्या बिनतारी बोलायचं, लायसन्स काढलं आणि श्यामलाबाईंनाही काढायला लावलं. श्यामलाबाईंचे यजमान दयानंद तेव्हा होते. त्यांनी गच्चीवर चढून अँटेनाची तार ताणून दिली. तेव्हापासून सकाळी, ऊन चढायच्या आत, दोघांचं बोलणं व्हायचं. दयानंद गेले तेव्हा सुतकातही ते थांबलं नाही.

"मग भगवंतरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. पूर्ण गेला. नंतर साखर डोळ्यांत उतरली. आता अंधुक दिसतं. फोनवर आपण बोललेलं ऐकतात, पण उत्तर कसं देणार? पाटीवर मोठी अक्षरं काढतात, ती त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी चंपा वाचते. तेवढंच. पण हात, हात तसाच आहे बघ. की हातात आली की माणूस पूर्वीसारखा घडाघडा बोलतो."

"आणि आता?"

"आता त्यांना माझं ऐकू जातं. तिकडे कुठले तुझे मीटर! चंपा टेकाडावर चढून, रेंज मिळाली की फोन करते. म्हणते, आजोबा रोज मशीनवर बसतात, तुमचं ऐकतात, मग त्यांचंही लांबलचक चालतं. मी इकडून सांगते, भगवंतराव, इथे खरखर आहे, मला काही कळत नाही. आणि गप्प बसून ऐकते. ते बोलत असणार. नक्की बोलत असणार. पण मला नुसता हा पत्रा."

यशश्रीने कप खाली ठेवला. "अक्का, मी त्यांना इंटरनेटवरून चालणारी की बनवून देऊ शकते. त्यांची आहे तीच की जोडायची. इकडे तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल."

"टेकाडावर चढून?"

तिथे रेंजच नाही, हे यशश्रीच्या आता ध्यानात आलं.

"पावसाळ्यात तिथे आठवडाभर वीज नसते," श्यामलाबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. "रेडिओ बॅटरीवर चालतो. आणि खरं सांगू? तुमच्या मीटरांचं बोलणं तुमच्या तारेत राहत नाही, ते बाहेर सांडतं. तर सांडणाऱ्याने भांडं सरळ करायचं, की ज्याच्या अंगणात सांडलं त्याने घर बदलायचं?"

परतताना उड्डाणपुलावर बस अडकली तेव्हा यशश्री त्याच प्रश्नाचा विचार करत होती. लॅबमध्ये सगळं नियमात बसत होतं, कारण लॅबमध्ये जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटून असतात. एकीचा आवाज दुसरी मारते, बाहेर जवळजवळ काही जात नाही. गल्लीतल्या घरांत असं कुठे असतं? बटणाची तार एका भिंतीवरून जाते, परतीची तार दुसरीकडून. दोघी लांब झाल्या की त्या एकमेकींना मारत नाहीत आणि सबंध घराची अँटेना होते. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

यावर उपाय होता, तोही तिच्याच चिपमध्ये. मीटर रेडिओलहरींच्या ज्या पट्ट्यात बोलतात त्यातला हौशी रेडिओचा तुकडा रिकामा ठेवायचा. त्या जागेवर कुणी बोलायचंच नाही. ही सोय चाचणीसाठी बंद ठेवली होती, कारण पट्टा कमी झाला की लांबचे मीटर गळतात.

शिवकुमारने हेच बोलून दाखवलं. "गल्लीच्या टोकाचे मीटर गेले तर पुढच्या महिन्यात काय दाखवू मी? एका बाईच्या छंदासाठी?"

"तुम्ही ऐकलं नाहीये सर."

"तू इंजिनियर आहेस. ऐकायचं काय? मोजायचं."

"मोजलंच नव्हतं आपण," यशश्री म्हणाली. "लॅब मोजली होती. गल्ली नाही."

शिवकुमार वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर चाचणी दाखवायची तारीख होती, एवढंच. त्याने काही दिवसांपुरती, त्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर परवानगी दिली.

जागा रिकामी करून यशश्री पुन्हा जयनगरला गेली. श्यामलाबाई हेडफोन लावून बसल्या. त्यांचा चेहरा बघूनच उत्तर कळलं.

"कमी झालं. पण आहे."

आवाज आता पत्र्यासारखा नव्हता. पण एक जाडसर गुरगुर खाली राहिली होती, आणि तिच्यातून बारीक ठोका वर येणं शक्य नव्हतं. यशश्री गोंधळली. त्या जागेवर कुणीच बोलत नव्हतं, तिने स्वतः तपासलं होतं. मग हे येत कुठून होतं?

तिने पिशवीतून हातात मावणारा रिसीव्हर आणि तांब्याच्या तारेचं कडं काढलं आणि आवाजाचा माग काढत गल्लीत फिरू लागली. लोक गेटातून बघत होते. एका आजोबांनी कन्नडमध्ये विचारलं, गॅस गळतोय का? मीटरपाशी आवाज मध्यम होता. खांबापाशी त्याहून कमी. श्यामलाबाईंच्या घराच्या मागच्या बाजूला आली तशी रिसीव्हरची सुई वर चढायला लागली. जिन्यापाशी आणखी. गच्चीच्या दाराशी ती शेवटच्या रेघेला टेकली.

दारावर एक दिवा होता. त्याची तार भिंतीच्या बाहेरून, वेलीसारखी लोंबत खाली गेली होती आणि बटण जिन्याच्या पायथ्याशी होतं. एकच तार बटणाकडे, परतीची दुसरीकडून, घराला वळसा घालून. मध्ये एक जोड होता, नुसता पिळलेला, वर चिकटपट्टी. पट्टी सुकून गळली होती आणि तांबं हिरवं पडलं होतं.

यशश्रीने हिरव्या जोडाकडे पाहिलं आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. गंजलेला जोड वीज सरळ जाऊ देत नाही. आजूबाजूच्या पट्ट्यांतले आवाज तो एकमेकांत कालवतो आणि त्यातून नवे आवाज तयार होतात. ते नेमके तिने रिकाम्या ठेवलेल्या जागेत येऊन पडत होते. पुढचं काम ही लांब तार करत होती. ती ते सगळं आकाशात उधळत होती, अँटेनेपासून हाताभर अंतरावरून.

ती खाली आली आणि सांगितलं. सांगताना तिला संकोच वाटला.

"म्हणजे माझ्याच घरात?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"सुरुवात आमचीच आहे अक्का. तुमची तार नसती तरी खरखर असतीच. पण जे उरलंय ते तिथून येतंय."

श्यामलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती तार यजमानांनी ओढलेली. मी पहाटे अँटेना बघायला गच्चीत जायची, अंधारात पाय चुकेल म्हणून. वायरमनला बोलवा म्हटलं तर ऐकेनात. स्वतःच केलं सगळं, रविवारी दिवसभर. त्यांना कुठे यायचं ते काम! पण रात्री दिवा लागला तेव्हा असे खूश झाले होते."

यशश्रीने रिसीव्हर आणि कडं पिशवीत भरलं.

"तू आता जा," त्या म्हणाल्या. "मी सांगते तुला."

त्यांचा फोन आला नाही. यशश्रीला वाटलं, संपलं. एका अर्थी तिची सुटकाही झाली होती. आता ती ऑफिसात सांगू शकत होती की दोष ग्राहकाच्या वायरिंगमध्ये आहे. शिवकुमारला ते आवडलं असतं. पण तिने सांगितलं नाही. तिला स्वतःलाही कारण नीट सांगता आलं नसतं. फक्त इतकं वाटत होतं की अर्धं खरं आहे ते पूर्ण खरं म्हणून खपवण्यात काही अर्थ नाही.

मग एका सकाळी फोन आला. "परसूला बोलावलंय. आमचा वायरमन. तू समोर असशील तर बरं, तो आपल्या मनाचं काहीतरी करेल."

परसूने जुनी तार उतरवली. यशश्रीने सांगितल्याप्रमाणे जाणारी आणि येणारी, दोन्ही तारा एकाच पाइपातून शेजारी शेजारी नेल्या आणि जोड डब्यात नीट स्क्रूने आवळले. दिवा तिथेच राहिला. श्यामलाबाई पूर्ण वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. परसू जुन्या तारेचं वेटोळं उचलून निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "ते राहू दे इथे." आणि वेटोळं त्यांनी स्वतः आत नेऊन ठेवलं.

रेडिओ लावला तेव्हा गुरगुर नव्हती. आकाशाचा नेहमीचा मंद सूं सूं आवाज तेवढा होता. श्यामलाबाईंनी हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले.

"आता मी ती रिकामी जागा परत भरून बघते," यशश्री म्हणाली. "थोडाच वेळ. मला खात्री हवी."

तिने लॅपटॉपवरून मीटरांना पुन्हा सगळा पट्टा मोकळा करून दिला. पत्रा लगेच परत आला. म्हणजे नुसती तार बदलून भागत नव्हतं, आणि नुसती जागा सोडूनही भागलं नव्हतं. दोन्ही लागत होतं. तिने दोन्ही आवाज फोनवर टिपले.

ऑफिसात तिने ते शिवकुमारला ऐकवले. आधी शांत. मग पत्र्याचा. शिवकुमारने थोडा वेळ ऐकलं आणि हात वर केला. "बंद कर." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "माझे वडील शॉर्टवेव्हवर बातम्या ऐकायचे. असाच आवाज आला की रेडिओला थापड मारायचे." तो हसला, पण लगेच कामावर आला. "टोकाच्या मीटरांचं काय?"

"मधल्या खांबावर एक जोडणी देऊ, जी पुढचे आकडे उचलून मागे देईल. मग प्रत्येकाला एवढं ओरडावं लागणार नाही. सगळ्यांचाच जोर कमी करता येईल."

"खर्च वाढेल."

"वाढेल."

"या ट्रान्सफॉर्मरपुरतं कर," तो म्हणाला. "बाकीचं नंतर बघू."

खांबावर जोडणी बसली, टोकाचे मीटर पुन्हा बोलू लागले, तेही हळू आवाजात. त्यानंतरच्या सकाळी यशश्री ऑफिसला जाण्याआधी जयनगरला उतरली. श्यामलाबाईंनी केस विंचरून नीट अंबाडा घातला होता. त्यांनी कीवर बोट ठेवून भगवंतरावांची ओळखखूण पाठवली, मग आपली, आणि हात मांडीवर घेऊन थांबल्या.

सूं सूं चालू होतं. मग त्यातून एक बारीक, शिट्टीसारखा ठोका आला. लहान, लहान, आणि मग एक लांब, जरा जास्तच लांब. यशश्रीला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी तो लांबलेला ठोका तिने ओळखला. श्यामलाबाईंचे ओठ हलत होते. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, ऐकू येतंय का?" श्यामलाबाईंनी डोळे पुसले. "मी म्हटलं, येतंय. तर म्हणतात, अरे वा. मग म्हणतात, इकडे गारठा आहे, चंपाने हुलग्याचं कढण केलंय."

"बस?"

"बस. आणखी काय पाहिजे?"

पण आणखी होतं. ते दोन-तीन दिवसांनी कळलं. यशश्री मोजमाप घ्यायला गेली होती. श्यामलाबाई कॉफीचा पेला हातात धरून बसल्या होत्या आणि कॉफीवर साय आली होती.

"विश्वासराव त्यांना घेऊन चाललाय," त्या म्हणाल्या. "त्यांचा मुलगा. हुबळीला, फ्लॅटवर. आता एकट्याला ठेवणं बरं नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे. या अमावास्येच्या आधी निघणार."

"इतक्या अचानक?"

"अचानक कुठलं! महिन्याभरापूर्वीच ठरलंय. ते म्हणाले, मी तुम्हाला रोज सांगत होतो. मी विचारलं, मला ऐकू येत नाही हे माहीत असताना? तर म्हणाले," श्यामलाबाईंनी पेला खाली ठेवला, "म्हणाले, तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणूनच सांगता आलं. ऐकू यायला लागलं तेव्हापासून जीभ अडखळतेय. जीभ म्हणाले बघ. जीभ."

आपण केलेली सगळी खटपट यशश्रीला एकदम लहान वाटली. फ्लॅटांच्या गजबजाटात रेडिओ कुठला चालायला; एवढं करून यांना मिळाले ते बोटांवर मोजण्याइतके दिवस.

"तसं नको मनात आणू," श्यामलाबाई म्हणाल्या, जणू तिचा चेहरा वाचून. "ते निघून गेले असते आणि मी या पत्र्यातच शोधत बसले असते. ते बरं होतं का?"

भगवंतराव हुबळीला गेले. विश्वासरावने बाल्कनीच्या कठड्याला तार बांधून दिली, पण त्या सोसायटीत चहूकडून गोंधळ होता. स्वस्तातले दिवे, चार्जर, पंप, कुणाचे कुणाचे मीटर. श्यामलाबाई रोज सकाळी खूण पाठवत होत्या आणि थांबत होत्या. तिकडे भगवंतरावांना ती ऐकूच जात नव्हती, म्हणून उत्तर येत नव्हतं. यशश्रीने फोन करून विश्वासरावला काय काय करता येईल ते सांगितलं. रेडिओच्या विजेच्या वायरीला खरखर अडवणारी फेराइटची कडी अडकवा, वायरीचे तिच्यातून वेढे द्या. बाल्कनीतला दिवा बदला. जमलं तर रेडिओ बॅटरीवर चालवा. विश्वासराव बँकेत होता, शनिवारी वेळ मिळाला की करतो म्हणाला.

त्याच दिवसांत ऑफिसात पुढच्या आवृत्तीची बैठक होती. हे मीटर आता इतर शहरांतही जायचे होते. यशश्रीने मांडलं की हौशी रेडिओची जागा मुळातच रिकामी सोडून द्यावी. ज्याला ती भरायची असेल त्याने कारण द्यावं. आजवर उलटं होतं. कुणीतरी म्हणालं, तक्रार तर एकच आली.

"एकच आली," यशश्री म्हणाली, "कारण बाकीच्यांना आपल्या रेडिओला काय झालं ते कळलंच नसेल. त्यांनी थापड मारून बघितली असेल आणि बंद करून ठेवला असेल."

शिवकुमारने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "जागा रिकामी ठेवा. मीटरांचा जोर किती ठेवायचा ते मी बघतो." कौतुक असं काही त्याने केलं नाही, आणि बैठक पुढच्या मुद्द्यावर गेली. हुबळीतले मीटर त्यांच्या कंपनीचे नव्हते. त्या ठरावाचा भगवंतरावांना काही उपयोग नव्हता. हे यशश्रीला माहीत होतं. तरी संध्याकाळी घरी जाताना तिला बरं वाटलं.

श्यामलाबाईंचा फोन आला तेव्हा ती ऑफिसच्या बसमध्ये होती. बस उड्डाणपुलावर चढत होती.

"आला गं," त्या म्हणाल्या. आवाज एवढा मोठा की शेजारच्या मुलाने वळून पाहिलं. "विश्वासरावने तू सांगितलंस तसं केलं, आणि आज आला. बारीक आहे, दुरून आल्यासारखा, पण आला."

"काय म्हणाले?"

"तक्रारी! फरशी गुळगुळीत आहे, पाय घसरतो. सून चांगली आहे, पण भाकरी जाड करते. आणि लिफ्ट. बाल्कनीच्या मागेच लिफ्ट आहे. ती चालू झाली की त्यांना माझं काही ऐकू जात नाही."

"मग?"

"मग काय. ते कळवतात, थांबा, लिफ्ट. मी थांबते. लिफ्ट गेली की पुन्हा सांगते."